बंद हाय, बोला

१

सकाळी साडेसातला घंटागाडी आमच्या गल्लीत येते आणि मी चहा पिता पिता माझाच आवाज ऐकतो. "नसरापूरकर, नमस्कार. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका कचरा निळ्या बादलीत. गाडी दोन मिनिटं थांबेल, तिसऱ्या मिनिटाला माझ्यावर रागावू नका." ही शेवटची पुस्ती माझ्या पदरची. माझी बायको सुलक्षणा रोज ती ऐकून "लई शहाणा" म्हणते आणि बादली घेऊन बाहेर जाते. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली चार वर्षं हे असंच चाललंय.

माझा धंदा आवाजाचा. नसरापूरच्या पेठेत एक खोली आहे, तिला मी स्टुडिओ म्हणतो, बाकीचे मानसिंगचं दुकान म्हणतात. भैरवनाथाची जत्रा, बैलगाड्यांची शर्यत, लसीकरण, कुणाची म्हैस हरवली, कुणी साड्यांचं दुकान काढलं, सगळं मीच बोलतो. भोंगवलीपासून वेल्ह्यापर्यंत माझं तोंड कुणाला माहीत नसेल, पण बोलायला लागलो की लोक मागं वळून बघतात. घरात गावाकडचं बोलतो आणि माइकवर पुण्याचं. त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू.

त्या मंगळवारी गाडी आली. सनईचा तुकडा वाजला, मग काहीच नाही, मग परत सनई.

"कार्ड ग्येलं वाटतं," सुलक्षणा म्हणाली.

मी बाहेर गेलो. ड्रायव्हर रखमाजी स्टिअरिंगवर हात टाकून बसला होता. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, त्याला कशाचंच काही वाटत नाही. "सकाळधरनं असंच करतंय," तो म्हणाला. "वाजाप वाजतंय, तुमीच तेवढं न्हाई."

दुकानात जाऊन मूळ फाईल उघडली. पडद्यावर सनईच्या जागी दाट रेघा होत्या आणि माझ्या अठरा सेकंदांच्या जागी एक सरळ रेघ. फाईल बिघडते, त्यात नवल नाही. पण हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला तेव्हा कळलं, की ती नुसती रिकामी जागा नव्हती. ती एका खोलीची शांतता होती. प्रत्येक खोलीची वेगळी असते, आमच्या धंद्यातल्या माणसाला ती वासावरून ओळखावी तशी ओळखता येते. माझ्या खोलीत हायवेची घरघर असते. हिच्यात काहीच घुमत नव्हतं. सगळं कोरडं आणि जाड.

मी ती लगेच ओळखली. ओळखली नाही असं स्वतःला सांगितलं, घोषणा नव्यानं रेकॉर्ड केली आणि रखमाजीला नवीन कार्ड दिलं.

२

पासलीच्या इंद्रजितदादाचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. ऐकलं असेल तर तुम्ही आमच्यातले. पुण्यात कॉलेजात असताना त्यानं 'पाणलोट' नावाचा रॉक बँड काढला. अंगावर येणारी गिटार आणि तिच्यावर आपल्या मावळातली भाषा. एकच अल्बम आला, पण ज्यांना लागला त्यांना लागलाच. मग त्याची आई फुलाबाई अंथरुणाला खिळली, कमरेखालचं सगळं गेलं, आणि हा बँड सोडून पासलीला परत आला. बाप लहानपणीच गेलेला, भाऊ नाही, लग्न केलेलं नाही. आईचं सगळं तोच करायचा, अगदी सगळं.

घराला लागून भात ठेवायची खोली होती. तिच्या चारी भिंतींना आणि छताला त्यानं तुसानं भरलेली पोती लावली. मोडीत निघालेल्या बसची काच आणून मधल्या भिंतीत बसवली. आत गिटार घेऊन तो, बाहेर पडवीत मशीन घेऊन मी. त्याला दुसरा अल्बम करायचा होता आणि जवळपास मशीन कळणारा मीच होतो, म्हणून दर रविवारी मोटारसायकल काढून मी पासलीला जायचो. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. "मान्या, कान चांगले हैत तुजे, तोंड जरा कमी चालव," तो म्हणायचा. माझ्यापुढं एक छोटा माइक असायचा, त्यातून मी त्याच्या हेडफोनमध्ये सांगायचो, "टेक पहिला," "टेक दुसरा," की तो वाजवायला लागायचा. एकेका गाण्याचे चाळीस टेक व्हायचे. आवडला नाही की म्हणायचा, "पुस त्ये. अर्धवट काय बी ठेवायचं न्हाई."

तिथंच माझी खोड नडली. तो जे पुसायला सांगायचा तेच मला सोडवायचं नाही. तार तुटली आणि त्यानं शिवी हासडली, ओळ विसरला आणि स्वतःवरच हसला, मधेच खोकला, कोंबड्या हाकलल्या, आणि लगेच त्याच दमात असं काही वाजवलं की माझ्या अंगावर काटा आला. हे पुसायचं? मी मशीनच्या मागं एक बारीक वायर खुपसली आणि खिशात मावेल असा रेकॉर्डर तिला लावून पडवीतल्या एका पोत्यामागं ठेवायला लागलो.

असलं गोळा करणारे आम्ही दहा-अकरा जण होतो. बाकीचे पुण्याचे, इकडचा माझ्याखेरीज एकटा कुंडलिक, वेल्ह्याच्या दूधगाडीवर ड्रायव्हर. चोरून काढलेल्या या रेकॉर्डिंगला आम्ही 'कच्चं' म्हणायचो. एकानं कच्चं दिलं की दुसऱ्यानं बदल्यात द्यायचं आणि आमच्याबाहेर कुणाला ऐकवायचं नाही, एवढाच नियम. माझ्याकडं सगळ्यांत जास्त होतं, म्हणून सगळे मला मान द्यायचे. दादाच्या जिवावर मी त्याच्या पाठीमागं मोठा झालो होतो.

३

भात काढणीचे दिवस होते. त्या रविवारी दादा आत जाऊन बसला आणि वाजवेना. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळानं त्यानं मान न वळवता विचारलं, "मान्या, बंद केलंस का?"

मशीनवरचं रेकॉर्डिंग मी बंद केलं होतं. पोत्यामागचं चालू होतं.

"व्हय दादा," मी म्हणालो. "बंद हाय. बोला."

तो अकरा मिनिटं बोलला. सगळं इथं लिहीत नाही, ते माझं नव्हतंच. आईला तीन वर्षं उचलून, धुऊन, भरवून तो थकला होता. हात गिटारवर ठेवला की हाताला आईच्या दुपट्यांचा वास येतो, म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, "म्हातारी कवा सुटंल आसं झालंय मला. रोज सकाळी उठून आदी तिचा श्वास बघतो, आन चालू असला की मला वाईट वाटतं." मग तो रडला. मग उठून आईला चहा पाजायला गेला.

मी ते कुंडलिकला दिलं. का दिलं? कारण असलं कच्चं कुणाकडंच नव्हतं. "कुणाला देऊ नगंस," असं बजावून दिलं. मीही माझ्यापुरतं ठेवायचं असं ठरवलेलंच होतं की.

आठ दिवसांत त्यातली शेवटची चाळीस सेकंदं पासलीत मोबाईलवर फिरत होती. शेजारच्या बाईनं ती फुलाबाईंच्या उशाशी बसून ऐकवली. पोराचा आवाज मोबाईलवर आलाय, म्हातारीला बरं वाटेल, म्हणून. फुलाबाईंनी पूर्ण ऐकलं. संध्याकाळी दादा भरवायला बसला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं हुतंस रं. म्या बी भैरवनाथाला रोज त्येच मागती."

हे मला दादानंच सांगितलं. फोनवर. मग विचारलं, "मान्या, तू बंद केलं हुतंस न्हवं?"

"व्हय दादा. बंदच हुतं," मी म्हणालो.

"मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. चार दिवसांनी पाबे घाटात त्याची गाडी वळणावर वळली नाही.

४

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो. समोरच्या उंबरावर कावळा होता. एकच. तो बघत होता आणि खाली येत नव्हता.

पाऊण तास गेला. ऊन चढलं. चुलते म्हणाले, "तुज्या आईला आमी सांबाळू." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, गिटार कुणाला देणार न्हाई. कुणी पळत जाऊन चहा आणला, त्याला बिनसाखरेचा आवडायचा तसा, आणि कप पिंडाजवळ ठेवला. काही नाही. फुलाबाईंना टेम्पोतून गादीसकट आणलं होतं, शेवटी त्या तिथूनच ओरडल्या, "म्या न्हाई रं रागावले, लेकरा. जा आता." बाया रडायला लागल्या. कावळ्यानं पंख साफ केले.

मला माहीत होतं त्याला काय पाहिजे. मी गर्दीच्या मागच्या बाजूला होतो. हात जोडले आणि ओठातल्या ओठात म्हणालो, "दादा, समदं पुसून टाकतो. एक बी ठेवत न्हाई."

माझं वाक्य संपायच्या आत तो खाली आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. सगळ्यांना वाटलं, आईचं ऐकलं. सगळ्यांनी फुलाबाईंच्या टेम्पोकडं बघून हात जोडले. मीसुद्धा.

५

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो, एवढं माझ्या बाजूनं लिहितो. प्रत्येकाला फोन केला. दादाला शब्द दिलाय, तुमच्याकडं असेल ते सगळं मला द्या आणि तुमचं पुसा, असं सांगितलं. माणसं हलली होती. सगळ्यांनी दिलं. पुण्याच्या एकाकडं तर बँडच्या पहिल्या वर्षाचं होतं, ज्याच्या मागं मी सहा वर्षं होतो आणि जे तो मला कधी ऐकवतही नव्हता. त्यानं रडत रडत आणून दिलं.

पुसायच्या आधी एकदा नीट लावून ठेवावं, म्हणजे काय काय आहे ते कळेल, असं म्हणून मी सगळं एका डिस्कवर घेतलं. तारखेवार लावलं. तीन महिने गेले. दादाचं सगळं कच्चं, पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत, एकही फट नाही, जगात फक्त माझ्याकडं. मग पुसणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं, असं मला वाटायला लागलं. असली वाक्यं मला पटकन सुचतात, धंदाच तो आहे. डिस्क बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकली.

कुंडलिक एकदा दूधगाडी थांबवून दुकानात आला. "पुसलंस का रं?"

"पुसलं," मी म्हणालो.

"बरं केलंस," तो म्हणाला. "म्या बी आता गाणी ऐकत न्हाई." आणि गेला. त्याला अडीच वर्षं झाली.

६

नवीन कार्डावर माझा आवाज आठ दिवस टिकला. मग परत सनई, शांतता, सनई. तोवर इतर ठिकाणांहूनही फोन यायला लागले. साडीवाल्याची जाहिरात मुकी झाली होती. जत्रेच्या घोषणेत देवाचं नाव घेणारी बाई ऐकू येत होती आणि पुढं मी नव्हतो. मी मशीन बदललं. कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरला. व्हायरस असेल, स्वस्तातली कार्डं असतील, आयुष्यात पहिल्यांदा बॅकअप नीट ठेवले. बॅकअपमध्येही तेच. सरळ रेघ, आणि आवाज वाढवला की तुसाच्या पोत्यांची ती खोली.

समोरासमोर मी चांगला बोलत होतो. भोरला कानघशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि घसा उत्तम आहे म्हणाले. पण फोनवर सुलक्षणाच मला म्हणायला लागली, "हॅलो, बोला की. आवाज न्हाई येत तुमचा. कुठं हाय तुमी, बंद खोलीत हाय का?"

एका दुपारी तिनं लग्नाचा व्हिडिओ लावला. माहेरची माणसं आली होती, त्यांना दाखवायचा होता. माझा उखाणा तिच्या माहेरी, सगळ्या भोंगवलीत गाजलेला. पडद्यावर मी हातात घास घेऊन उभा राहिलो, छाती फुगवली, ओठ हलले. काही नाही. खोलीत पंखा फिरत होता आणि टीव्हीतून ती जाड शांतता येत होती. मग एकदम मांडवभर हशा आणि टाळ्या.

पाहुणे उगाच हसले. सुलक्षणा हसली नाही. तिनं तो तुकडा तीनदा मागं घेऊन लावला आणि तिन्ही वेळा माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "ह्ये कसं जाईल वो? ह्ये तर आपल्या कपाटात हुतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिला सांगायचं होतं, आणि मी म्हणालो, "सीडी जुनी झाली."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजी आणायला गेल्यावर मी माळ्यावरून डबा काढला.

दादाचं सगळं जागेवर होतं. गिटार, शिव्या, कोंबड्या. फक्त टेकच्या आधीचा मी नव्हतो. पोत्यांची शांतता, आणि तेवढ्यात तो वाजवायला लागायचा, अगदी योग्य वेळी, कुणीतरी सांगितल्यासारखा. एक फाईल, दुसरी फाईल, दहावी फाईल. सव्वाशे रविवारांमधून मला कुणीतरी एकेक करून काढून टाकलं होतं. घाई केलेली नव्हती. काम स्वच्छ होतं, कुठं कड दिसत नव्हती. असं पुसायला मीच कुणाला तरी शिकवलं होतं.

त्या रविवारची फाईल शेवटी उघडली. दादाची खुर्ची करकरली. "मान्या, बंद केलंस का?"

"व्हय दादा. बंद हाय. बोला."

मी हेडफोन कानावर दाबून धरले. माझा आवाज. किती दिवसांनी. आणि तो पूर्वी होता त्यापेक्षा जवळ होता, मी पडवीत नसून माझ्याच कानाशी बसलोय इतका जवळ. पुढं दादाची अकरा मिनिटं असायची. ती नव्हती. फक्त त्याचा श्वास होता, नाकातून येणारा, सावकाश. खुर्ची एकदा करकरली, तो माइककडं वाकला की करकरायची तशी. तो बोलत नव्हता. मी 'बोला' म्हणालो होतो आणि तो थांबला होता.

अकरा मिनिटं मी ऐकलं. मग पुसायच्या बटणावर हात नेला, आणि मनात आलं, माझा आवाज आता जगात एवढाच उरलाय. हे पुसलं तर मी कुठंच नाही. हात मागं घेतला. काय करायचं ते मला त्याच वेळी कळलं होतं. तो जे ऐकायला थांबला होता ते फुलाबाईंना जाऊन सांगायचं. एक वाक्य. ते सांगून येईन, मग पुसेन.

८

दुपारी पासलीला पोचलो. फुलाबाई अजून होत्या. भैरवनाथानं त्यांचं ऐकलं नव्हतं. दादाची चुलती भागूबाई त्यांचं करते, ती मला आत बसवून चहा टाकायला गेली.

"मानसिंग न्हवं तू?" फुलाबाई म्हणाल्या. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण डोळे लख्ख. "लई दिसांनी वाट चुकलास."

"व्हय काकी. बरं हाय का?"

"बरं काय. हाय." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी गाडीवर बसून ते वाक्य पन्नासदा म्हटलं होतं. काकी, त्या दिशी म्या मशीन चालू ठेवलं हुतं. एवढंच. माइकवर मी तासतास बोलतो.

त्यांनीच विचारलं. "एक सांग मला. त्याचं बोलणं मोबाईलवर ग्येलं कसं? हितं तर तुमी दोगंच हुता."

दार उघडं करून दिलं होतं माऊलीनं. मला नुसतं आत जायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं सवय झालेलं तेच बाहेर पडलं. "न्हाई ओ काकी. म्या तर बंद केलं हुतं."

त्यांनी मान हलवली. "त्यो बी असंच म्हनला. मान्यानं बंद केलं हुतं, म्हनला. मग आपल्याच नशिबाचं आसंल." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला तिथं बसवेना. पडवीत आलो. माझी जुनी खुर्ची तिथंच होती, मशीन कुणीतरी गोणपाटाखाली झाकलं होतं. खोलीला बाहेरून कुलूप होतं, कुलपावर गंज. मी काचेला कपाळ लावून आत बघितलं. एक पोतं फुटून तूस जमिनीवर सांडलं होतं, त्यावर पाऊल नव्हतं. हेडफोनची वायर भिंतीतल्या भोकातून निघून काचेच्या डाव्या कडेकडं गेली होती. ती जमिनीवर पडलेली नव्हती. ताणलेली होती, कुणी हेडफोन कानाला लावून बसलं की ताणते तेवढी. दुसरं टोक कडेच्या पलीकडं होतं, मला दिसत नव्हतं.

मी बघत होतो तेव्हा ती सैल झाली. सावकाश, माणूस हेडफोन काढून मांडीवर ठेवतो तशी. मग तुसावरून कुणीतरी दाराकडं चालत आल्याचा आवाज झाला.

भागूबाई चहा घेऊन आली. "जाताय व्हय? च्या तरी घ्या," म्हणाली. मी नको म्हणालो. तिनं कप पुढं केला. मी परत नको म्हणालो. ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "काय झालं वो? बोला की."

९

त्याला आज सतरा दिवस झाले. बंद केलं हुतं, हे माझ्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य. डॉक्टर अजूनही घसा उत्तम आहे म्हणतात.

पासलीहून आलो त्याच संध्याकाळी डिस्क पुसली. सगळी. पडद्यावरची पट्टी भरत गेली आणि डिस्क रिकामी झाल्याचं आलं. माझा शेवटचा आवाजही त्यात गेला, म्हणजे फिटलं, असं मला वाटलं. शब्द अडीच वर्षं उशिरा का होईना, पाळला.

आणि ही वही लिहायला घेतली. ही फुलाबाईंना वाचून दाखवायची आहे. त्यांना वाचता येत नाही, भागूबाईलाही येत नाही. सुलक्षणाला दे म्हणून मनात येतं, तिला वही दाखवतो, ती हात पुढं करते, आणि मी, म्हणजे माझा हात, वही मागं घेतो. उद्या देईन. एकदा नीट लिहून काढतो, तारखेवार. तोवर वही बिस्किटांच्या डब्यात असते.

डिस्क पुसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला घंटागाडी आली. मी चहा घेऊन बसलो होतो. सनई वाजली, आणि सनईनंतर मी बोललो. मोठ्यानं, स्वच्छ, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"व्हय दादा. बंद हाय. बोला."

मग सनई नाही. भोंगा चालूच होता, आणि त्यातून नुसता श्वास येत होता. रखमाजी स्टिअरिंगवर हात टाकून बसला होता. गाडी दोन मिनिटं थांबते, त्या दिवशी तो अकरा मिनिटं थांबला, आणि का थांबलो ते त्यालाही सांगता आलं नाही. तेव्हापासून रोज तसंच.

त्या पहिल्या दिवशी सुलक्षणा बादली तशीच हातात धरून दारातून माझ्याकडं वळली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

"आला की वो तुमचा आवाज," ती म्हणाली.